कमरेला काय लपतं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात हत्यार कुणी लपवत नाही. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि अलीकडून पांढुर्ण्याचे, पलीकडून सावरगावचे लोक एकमेकांवर उघडउघड दगड भिरकावतात. गोटमार ती हीच. दरवर्षी डोकी फुटतात, काही वर्षी माणसंही दगावली आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले. गोफणीवर मात्र बंदी आली, कारण गोफणीतून सुटलेला गोटा लांब जातो आणि जोरात बसतो.

पांढुर्ण्याहून इटारसीच्या बाजूला निघालं की पुढचं स्टेशन तिगाव. इथून गाडी घाट चढू लागते. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, कापूस. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांतात हा मुलूख होता. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशात राहिलं. २०२३ पर्यंत बंदुकीच्या परवान्याचा अर्ज घेऊन छिंदवाड्याच्या कलेक्टर कचेरीचे उंबरे झिजवावे लागत. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर ते काम जवळ आलं, एवढाच फरक.

अशा गावात परवान्याचं हत्यार असलंच तर ते बहुधा बाराबोअर. शेताची राखण, जुन्या घराण्याची हौस, नाहीतर वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर आलेली दुनळी. ती लपत नाही, लपवायचीही नसते. कमरेला लपणारं पिस्तूल हा सराफ, ठेकेदार आणि पुढारी यांचा प्रांत. अमेरिकेतला गिऱ्हाईक दुकानात उभा राहून प्लास्टिकच्या सांगाड्याची दहा पिस्तुलं हातात घेऊन बघतो: कुठलं पातळ, कुठलं हलकं, सदऱ्याखालून कुठलं दिसणार नाही. आपल्याकडे लपवायच्या हत्याराला इतिहास भरपूर आहे, पण त्यात गिऱ्हाइकाच्या पसंतीला फारशी जागा कधी नव्हती. काय मिळेल आणि काय बाळगता येईल, हे आधी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असायचं.

हा विषय निघाला की मराठी माणसाला आधी वाघनखंच आठवणार. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड, अफझलखान. बखरींत बिचवाही येतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात प्रदर्शनाला आली तेव्हा मोठी गर्दी झाली. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडची. महाराजांनी वापरली ती हीच, याला पुरावा नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. पण हत्यार म्हणून त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. अंगठ्यांत बोटं घातली की नख्या तळहातात मिटतात आणि बाहेरून हातात नुसत्या अंगठ्या दिसतात. गुप्तीचीही तीच तऱ्हा: वर काठी, आत पातं.

त्या काळी असं हत्यार बाळगायला कागद लागत नव्हता. तो आला १८५७ नंतर. नागपूरचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्येच खालसा केलं होतं; उठावानंतर १८६० च्या कायद्याने मुलखातली शस्त्रं काढून घ्यायची सोय करून ठेवली आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानी माणसाला शस्त्रासाठी परवाना सक्तीचा झाला. गोऱ्यांना त्यातून सूट होती. काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला, तो सशस्त्र क्रांतीच्या बाजूने नव्हता. सभ्य, मवाळ, वकिली मंडळींनाही हा अपमान वाटत होता.

कायद्याबाहेर राहून हत्यार बाळगणाऱ्यांची अडचण वेगळीच होती. २२ जून १८९७, पुणे. राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव, गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यावर मेजवानी. प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत सोजीर घुसवणाऱ्या रँडला टिपायला चापेकर बंधू निघाले. त्यांच्याजवळ प्रत्येकी एक तलवार आणि एक पिस्तूल होतं, शिवाय बाळकृष्णाकडे कुऱ्हाड. संध्याकाळी सात-साडेसातला बंगल्यापाशी पोचले तर रोषणाई, टेकड्यांवर होळ्या पेटलेल्या, माणसांची ही गर्दी. तलवारी आणि कुऱ्हाड घेऊन त्यात वावरायचं म्हणजे संशय ओढवून घेणं. तेव्हा त्यांनी ती हत्यारं बंगल्याजवळच्या एका दगडी मोरीखाली ठेवली, लागली तर काढू म्हणून, आणि पिस्तुलं घेऊन पुढे गेले. रात्री रँडची गाडी परतताना ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची आरोळी उठली. रँड ३ जुलैला मेला, मागच्या गाडीतला आयर्स्ट जागीच गेला.

काय अंगावर ठेवायचं आणि काय मागे सोडायचं, याचा इतका स्पष्ट निवाडा मराठी इतिहासात क्वचितच नोंदलेला सापडतो. तलवार हे पिढ्यान्‌पिढ्यांचं मानाचं शस्त्र. ते मोरीखाली गेलं, कारण ते अंगरख्यात मावेना.

नाशिकला १९०९ मध्ये वेळ आली तोवर पिस्तूलच बदललेलं होतं. रिव्हॉल्व्हरला गोळ्यांचा फिरता दंडगोल असतो; कोटाच्या खिशात तो फुगवटा लपत नाही. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी काढलेल्या पिस्तुलाने हा दंडगोलच हटवला. गोळ्या मुठीतल्या चपट्या पेटीत, वरचा पोलादी भाग गोळी सुटताच मागे सरकून पुढची गोळी आपणच भरणार. सगळं पिस्तूल एखाद्या जाड वहीइतकं सपाट. एफएनचं १९०० सालचं मॉडेल ७.६५ मिलिमीटरच्या गोळीसाठी बनलं होतं. हीच गोळी इंग्रजी मापात बत्तीस बोअर. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, तो पुढे पुन्हा येतो.

लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचं काम करणारा चतुर्भुज अमीन १९०९ च्या सुरुवातीला मुंबईला परतला. त्याच्या पेटीला दुहेरी तळ होता आणि त्या चोरकप्प्यात सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं होती. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता, बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा. अनंत कान्हेरे प्रेक्षकांत बसला होता, अंगावर ब्राउनिंग होतं आणि कुणाला ते दिसलं नव्हतं. त्यानेच जॅक्सनला गोळ्या घालून मारलं. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. अमीन माफीचा साक्षीदार झाला, आणि ती पेटी सावरकरांच्या खटल्यात त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरली.

कान्हेऱ्याने ब्राउनिंग निवडलं, असं मात्र म्हणता येणार नाही. पेटीत आलं ते त्याच्या हाती पडलं. पुढच्या घटनांतही चित्र असंच दिसतं. २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा खिशातल्या टिपणवहीच्या धातूच्या बटणाने हॉटसनचा जीव वाचला. आणि ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला ते इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल, १९३४ चं मॉडेल, नथुरामने दोन दिवस आधी ग्वाल्हेरला मिळवलं होतं, तिथल्याच मराठी मंडळींच्या ओळखीने. खिशात मावणारं, सपाट, परवान्याशिवाय हातोहात फिरलेलं. त्या पिस्तुलाची कूळकथा सांगताना अनेकांच्या आवाजात कौतुक डोकावतं, ते ऐकवत नाही.

स्वातंत्र्यानंतर गोऱ्यांचा कायदा जाईल अशी कुणाची समजूत असेल तर ती फोल ठरली. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या नियमांनी गुप्तीही नावानिशी यादीत घातली आणि पात्याचं मोजमाप लिहिलं: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद. विळा, कोयता, सुरी सुटले, कारण ती घरातली आणि शेतातली अवजारं. बंदुकांच्या बाबतीत खरी मेख दुसरीकडे होती. सैन्य आणि पोलीस वापरतात तो बोअर नागरिकाला नाही, अशी ढोबळ रेघ सरकारने मारली. नऊ मिलिमीटर तिच्या पलीकडे गेला. अलीकडे मुख्यतः उरला बत्तीस बोअर; पिस्तुलांत तर ब्राउनिंगच्या वेळचीच गोळी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयातही बंद झाली आणि देशात आधीच आलेली जुनी वॉल्थर, वेब्ली ही पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं लाखांच्या बोलीने हात बदलू लागली.

नेमक्या याच सुमारास जगात पिस्तुलाची घडण पुन्हा पालटत होती. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राम गावचा गास्टोन ग्लॉक पडद्याचे दांडे आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवायचा. पिस्तुलाचा त्याला अनुभव नव्हता. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये त्याचं पिस्तूल स्वीकारलं. मूठ आणि सांगाडा पॉलिमरचा, नळी आणि वरचा सरकता भाग पोलादी, पेटीत सतरा गोळ्या. प्लास्टिकचा सांगाडा त्याआधी १९७० मध्ये जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखनेही करून पाहिला होता, पण तो बाजारात रुजला नाही. ग्लॉक रुजला, कारण तो हलका होता, गंजत नव्हता आणि त्यात सुटे भाग कमी होते. विमानतळाच्या तपासणीत हे पिस्तूल दिसत नाही अशी आवई अमेरिकेत उठली. पोलादी नळी असताना ते शक्य नव्हतं, पण तपासणीत सापडणार नाही अशा बंदुकांविरुद्ध तिथे १९८८ मध्ये कायदा झाला.

भारतात ग्लॉक आला तो सरकारी कमरेला. एनएसजीच्या कमांडोंकडे तो दिसतो. सराफा बाजारातल्या परवानाधारकाला तो वर्ज्य, कारण त्याची मूळ गोळी नऊ मिलिमीटरची. बंदी प्लास्टिकवर नाही, बोअरवर आहे. तरी व्यवहारात दोन्ही एकदमच हातचे गेले. मध्य प्रदेशातच महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पुण्याच्या एआरडीई प्रयोगशाळेच्या साथीने ‘अस्मि’ हे नऊ मिलिमीटरचं मशीन पिस्तूल चार महिन्यांत उभं केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं. त्याचा खालचा सांगाडा कार्बन फायबरचा, घोडा थ्रीडी छपाईने काढलेला. सैन्याने पुढे त्याची मागणीही नोंदवली. महूच्याच राज्यातल्या तिगावच्या व्यापाऱ्याला त्याचं फोटोपुरतंच दर्शन.

त्याच्यासाठी होतं काय? कानपूरचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, ईशापूरचं ‘अशनी’ पिस्तूल. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या निर्भयाची आठवण जागवत कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ आणलं: टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण अर्ध्या किलोचं, खास बायकांच्या पर्ससाठी म्हणून गाजवलेलं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. एवढे पैसे मोजू शकणाऱ्या बाईला रात्री बसस्टॉपवर उभं राहावं लागत नाही, हे तेव्हाच बऱ्याच जणांनी बोलून दाखवलं, आणि ते खोटं नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ सातशे ग्रॅमचं, तेही बत्तीस बोअरच. या हत्यारांच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची, १८६९ पासूनच्या.

परवान्याची कथा आणखी मजेशीर. चंबळच्या बाजूला बंदूक म्हणजे इभ्रत, इतकी की २००८ मध्ये शिवपुरीच्या प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात झुकतं माप देऊ केलं, आणि २०१९ मध्ये ग्वाल्हेरला अर्जदाराला दहा झाडं लावायला सांगितलं. सातपुड्याच्या या टोकाला, पांढुर्णा-सौसरकडे, तशी हौस नाही. इथल्या मराठी शेतकऱ्याचा पैसा संत्र्याच्या बागेत आणि मुलांच्या नागपूरच्या शिक्षणात जातो.

कायद्याला डावलणाऱ्यांची निवडही फार मोठी नाही. बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे गाव अनेर नदीच्या काठावर आहे, पलीकडे जळगावचा चोपडा तालुका. तिथल्या घरगुती भट्ट्यांतून निघणारी गावठी पिस्तुलं जळगावपासून पुण्यापर्यंतच्या पोलीस पंचनाम्यांत वर्षानुवर्षं सापडतात. पिढ्यान्‌पिढ्या तलवारींना धार लावणाऱ्या, भाले घडवणाऱ्या कारागिरांचं काम इंग्रजांच्या कायद्याने आणि कारखान्यांनी हिरावलं. त्यांतल्या काहींच्या हाती हे उरलं. ती पिस्तुलंही घडणीने जुन्या परदेशी पिस्तुलांची नक्कल असतात आणि अनेकांवर ‘मेड इन यूएसए’ असं खोदलेलं असतं.

आणि परवानाधारकाने बंदूक उघडी मिरवायची तर तीही सोय नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. हातात घेऊन नाचवायचं नाही. अमेरिकेत झाकून बाळगायला अनेक राज्यांत वेगळा परवाना लागत आला, इथे झाकणं हीच अट. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतची कैद ठेवली आणि एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. तिसरं जमा करा किंवा विका. निवडणूक लागली की जिल्ह्याची छाननी समिती बसते आणि तिने सूट दिली नाही तर उरलेली दोनही ठाण्यात नेऊन द्यायची आणि पावती घ्यायची.