निकाली कुस्ती आणि रंगविलेली कुस्ती

मांजरसुंब्याच्या आसपास, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. हलगी कडाडते, नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांनी प्रारंभ होतो आणि दिवस कलता कलता मानाची जोड आखाड्यात उतरते. प्रेक्षकांचे मागणे एकच : कुस्ती निकाली व्हावी. येथेही कथा असते. परंतु तिचा शेवट कोणासच ठाऊक नसतो.

१९५० नंतर मुंबईत मात्र निराळीच कुस्ती भरभराटीस आली. तिकीट काढून पाहावयाच्या या दंगलींस नायक लागे, तसा खलनायकही लागे. एमिल चाया हा अगडबंब परदेशी मल्ल ‘किंगकाँग’ या नावाने गर्जत येई आणि पंजाबचा देखणा दारासिंग त्याची रग जिरवी. पराभूताने सूडाची प्रतिज्ञा करावी आणि लोकांनी पुढच्या लढतीची तिकिटे काढावीत, असा हा क्रम असे. १९६२ साली ‘किंगकाँग’ याच नावाच्या चित्रपटात दारासिंग नायक झाला, यात नवल ते काय? आखाडा आणि रंगभूमी यांतील अंतर तोवर पुष्कळच कमी झाले होते.

परंतु या खेळाची किंमत कोणी तरी मोजीतच होते. त्याच काळात हमीदा बानू ही स्त्री पुरुष मल्लांना आव्हान देत असे. पुण्यास रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती रद्द झाली. तिने मोरारजी देसाई यांजकडे दाद मागितली, तेव्हा उत्तर मिळाले की, मनाई ती स्त्री आहे म्हणून नव्हे. आयोजक तिच्यापुढे बनावट मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. संशय एकदा शिरला म्हणजे खरा घामही खोटा ठरतो, तो असा.

पुढे १९८९ साली अमेरिकेतील आयोजकांनी न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढे आपली कुस्ती ही करमणूक आहे असे स्वतःच सांगितले. सरकारी नियमन टाळावे, हा हेतू त्यामागे होता. तरी प्रेक्षक काही उठून गेले नाहीत.

आम्हांस यात आश्चर्य वाटत नाही. तमाशाच्या वगातला राजा खरा नसतो हे जाणूनही आपण त्याच्या न्यायास टाळी देतोच. दुष्टाची पाठ मातीस लागलेली पाहावी, ही माणसाची जुनी भूक आहे. ती भागविणारा खेळ आम्ही हीन मानीत नाही. फक्त रंगविलेली कुस्ती निकाली म्हणून विकू नये. कारण त्या फसवणुकीचा दंड शेवटी तालमीत खरोखर घाम गाळणाऱ्यालाच भरावा लागतो.