दुहेरी समानुभूती समस्या

दुहेरी समानुभूती समस्या हा स्वमग्न आणि अस्वमग्न व्यक्तींमधील संवादाविषयीचा सिद्धांत आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी तो २०१२ मध्ये मांडला. 'स्वमग्नता' या मराठी संज्ञेचा शब्दशः अर्थ 'स्वतःत गढून जाणे' असा असून त्यातून संवादातील अडचण एकाच बाजूची असल्याचे सूचित होते. मिल्टन यांच्या मते मात्र ती दुतर्फा असते : स्वमग्न व्यक्तीचे मन ओळखण्यात अस्वमग्न व्यक्तीही चुकते, उदाहरणार्थ, नजर न मिळवणे म्हणजे दुर्लक्ष, असा समज ती करून घेते. कॅथरीन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांच्या २०२० मधील प्रयोगात एक गोष्ट आठ-आठ व्यक्तींच्या साखळ्यांतून पुढे सांगण्यात आली. केवळ स्वमग्न व केवळ अस्वमग्न साखळ्यांत ती सारखीच टिकली. मिश्र साखळ्यांत अधिक तपशील गळले. २०२५ मधील मोठ्या अभ्यासात हा फरक आढळला नाही.