कच्च्या कैद्यांची हुर्यो

१० सप्टेंबर १९७०. शिकागोतलं कुक काउंटी जेल. तुरुंगाच्या अंगणात सुमारे दोन हजार कैदी जमलेत. बहुतेक काळे. समोर मंच बांधलाय. एक बाई माईकवर येऊन पाहुण्यांची नावं घेते. ज्याच्या हुकमतीखाली हा तुरुंग, त्या शेरीफचं नाव निघतं आणि अख्ख्या अंगणातून हुर्यो उठते. मग मुख्य न्यायाधीशाचं नाव. पुन्हा हुर्यो. आणि मग बी. बी. किंगची गिटार वाजायला लागते.

मित्रांनो, ही हुर्यो रेकॉर्डवर आहे. जानेवारी १९७१ मध्ये ही मैफल बाजारात आली तेव्हा ती कापून टाकली गेली नाही. रात्रपाळी करून आल्यावर मी ती ऐकली तेव्हा गाण्याआधी हा आवाजच अंगावर आला. कारण या तुरुंगातले बहुतेक कैदी कच्चे होते. खटला उभा राहिलेला नाही, गुन्हा शाबीत झालेला नाही, जामिनाला पैसा नाही म्हणून आत. ज्यांचा निवाडा व्हायचा होता त्यांनी त्या दिवशी न्यायाधीशाचाच निवाडा केला. तोही भर अंगणात, पहारेकऱ्यांच्या देखत.

हा आवाज कुठून आला, ते समजून घ्यायचं तर मागं जायला पाहिजे.

१८६५ मध्ये अमेरिकेत तेरावी घटनादुरुस्ती झाली. गुलामगिरी रद्द. पण त्यातच एक फट ठेवलेली होती : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. दक्षिणेतल्या गोऱ्या जमीनदारांना तेवढी फट पुरली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यानं कायदे करून बेकार फिरणं हा गुन्हा ठरवला. कामाचा कागद नसलेला काळा माणूस पकडायचा, दंड करायचा, आणि दंड भरता आला नाही की मजुरीला जुंपायचा. पुढे कैदी भाड्यानं दिले गेले. मालक बदलला, चाबूक तोच. १९०१ पासून मिसिसिपीत पार्चमन नावाचा तुरुंग उभा राहिला. तुरुंग कसला, हजारो एकरांचं कापसाचं शेतच ते. कैद्यांनी राबायचं आणि कुदळीच्या ठेक्यावर गायचं.

ब्लूज या मातीतून वर आला. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचा जबाब द्यायचा. एवढा साधा साचा. बुक्का व्हाइट हा नामांकित गायक पार्चमनमध्ये शिक्षा भोगत होता. १९३९ मध्ये तिथंच त्याची गाणी ध्वनिमुद्रित झाली. हा बुक्का व्हाइट बी. बी. किंगच्या आईच्या नात्यातला भाऊ. १९४६ मध्ये किंग मेम्फिसला आला तेव्हा याच्याच खोलीवर राहिला. म्हणजे तुरुंग किंगच्या घरातच होता.

किंग जन्मला १९२५ साली, मिसिसिपीत. त्यानं कापूस वेचला, मळ्यावर ट्रॅक्टर चालवला. जमावानं मारलेल्या एका काळ्या तरुणाचं प्रेत लेक्सिंग्टन गावच्या कोर्टासमोर आपण लहानपणी बघितलं, असं त्यानं आत्मचरित्रात सांगून ठेवलंय. कोर्टासमोर! न्यायाधीशाच्या नावावर हुर्यो का उठते, हे त्याला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

आता एक अवघड गोष्ट. साठच्या दशकात काळ्या तरुणांनीच या माणसाची हुर्यो उडवली होती. त्यांना वाटायचं, ब्लूज म्हणजे गुलामीचं रडगाणं. आता ताठ मानेनं जगायचंय, ही रड कशाला? त्यांची चीड मला कळते. आपणही गावकी सोडली, ती वाजंत्री सोडली, आणि योग्यच केलं. ते वाजवणं म्हणजे वेठ होती. पण वेठ टाकताना गळा टाकायचा नसतो. भीमराव कर्डकांनी तमाशाचाच बाज घेतला, त्यातला गण बदलला, आशय बदलला, आणि आंबेडकरी जलसा उभा केला. त्याच तोंडानं नवं बोलणं सुरू झालं.

कुक काउंटीच्या अंगणात तेच झालं. किंगनं भाषण ठोकलं नाही, क्रांतीची घोषणा दिली नाही. बाईनं सोडून गेल्याची, झोप न येणाऱ्या रात्रीची जुनीच गाणी म्हटली. गळा थांबला की गिटार बोलायची. पण बंद कोठडीतल्या माणसाला 'गेलं' या एका शब्दात काय काय ऐकू येतं, ते बाहेरच्याला कसं कळणार? त्याच शहरात नऊ महिन्यांपूर्वी, ४ डिसेंबर १९६९ ला, ब्लॅक पँथरचा एकवीस वर्षांचा पुढारी फ्रेड हॅम्प्टन पोलिसांनी पहाटे घरात घुसून गोळ्या घालून मारला होता. ज्या पँथरांवरून १९७२ साली आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं, तेच हे. ते रक्त ताजं असताना ही मैफल झाली.

मैफलीनं दार उघडलं का? नाही. गाणं संपलं, कैदी पुन्हा कोठडीत गेले. वर्षभरानं, सप्टेंबर १९७१ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात कैदी उठले आणि सरकारनं गोळीबार केला. त्या उठावात एकूण त्रेचाळीस माणसं मेली. गाण्यानं गोळी अडत नाही. ज्याला तसं वाटतं त्यानं शाहिरी सोडावी.

पण किंग त्या अंगणातून गेला तसा परत आला नाही. पुढे त्यानं तुरुंगांमधून अनेक फुकट कार्यक्रम केले, कैद्यांसाठी काम करणारी संस्था काढायला हात लावला. २०१५ मध्ये तो वारला. आणि ती हुर्यो अजून वाजतेय. शेरीफ गेला, न्यायाधीश गेला. त्यांचे निकाल कुठल्या कपाटात धूळ खात असतील. कैद्यांचा निकाल मात्र कुणीही, कधीही ऐकू शकतो.

दोस्तांनो, आपल्याही तुरुंगांत कच्चे कैदी भरलेत. त्यांत आपली माणसं किती, ते कुणी सांगायला नको. जामिनाला जामीनदार नाही, वकिलाला पैसा नाही. मोर्चा काढाल तेव्हा काढा, पण आधी त्या दाराशी जा. नावं लिहून घ्या. किती महिने आत, कशासाठी आत, ते विचारा. आणि ते जे बोलतील, त्यातली हुर्यो कापू नका.