आपोआप उगवणारी फुले आणि परंपरेचे वय : तेरडा व झेंडू

१/ अंगणात काही फुले अशी असतात की ती कोणी लावली, हे घरात कोणालाच आठवत नाही. झाड एका वर्षात उगवते, फुलते आणि वाळते. बी मातीत पडते आणि पुढच्या पावसात रोपे पुन्हा हजर होतात. तेरडा आणि झेंडू ही अशीच दोन फुले. त्यांतले एक इथले, दुसरे समुद्रापलीकडचे.

२/ तेरडा मूळचा भारतीय उपखंडातला. पिकलेल्या बोंडाला जरासा स्पर्श झाला की ते फुटते आणि बिया दूर उडतात. म्हणूनच त्याच्या वंशाचे लॅटिन नाव 'इम्पेशन्स', अर्थात उतावीळ. १७५३ साली लिनियसने त्याची नोंद 'इम्पेशन्स बाल्समिना' अशी केली.

३/ कोकणात अनेक घरांत भाद्रपदात तेरड्याची रोपेच गौर म्हणून आणतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हणही त्याचीच. सण आणि भाषा या दोहोंत हे फूल खोल रुजले आहे.

४/ झेंडूही तितकाच आपला वाटतो. दसऱ्याचे तोरण त्याच्यावाचून अपुरे दिसते. परंतु झेंडूचे मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेत आहे. अझ्टेक लोक त्याला 'सेम्पोआलशोचित्ल', म्हणजे 'वीस फुले', म्हणत. बर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकाच्या १६व्या शतकातील बृहद्ग्रंथात त्याचे वर्णन आहे.

५/ कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचला. त्यानंतरच्या सागरी व्यापारातून मिरची, अननस आणि झेंडू आशियात आले. झेंडू भारतात पोर्तुगीजांमार्फत आला, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे यादवांच्या देवगिरीवरील एखाद्या चित्रपटात झेंडूच्या माळा दिसल्या, तर तो कालविपर्यास होय.

६/ मग हे फूल इतके रुजले कसे? एक कारण त्याच्या बियांत आहे. काळ्या, लांबट बिया वाळलेल्या फुलातून सहज गळतात आणि फारशी निगा न करता उगवतात. दुसरे कारण ऋतूचे. दिवस लहान होऊ लागले की झेंडूला बहर येतो. त्यामुळे आपल्याकडे तो दसरा-दिवाळीला सापडतो आणि मेक्सिकोत १ व २ नोव्हेंबरच्या पितरांच्या सणाला.

७/ अशी झाडे आपला प्रवास पुसून टाकतात. युरोपात याच अमेरिकन फुलाला 'आफ्रिकन मेरीगोल्ड' हे नाव पडले आणि ते आजही चालू आहे. जे आपोआप उगवते, ते तिथलेच, अशी माणसाची समजूत होते.

८/ म्हणून झेंडूचे तोरण खोटे ठरत नाही. काही शतके जपलेली रीत ही परंपराच असते. मात्र 'अनादि काळापासून' असे लिहिण्यापूर्वी वस्तूचे वय तपासावे. सण जुना आणि त्यातले फूल नवे, असे असू शकते.

९/ हे चक्र घरी पाहायचे असेल तर काही फुले झाडावरच वाळू द्यावीत आणि ती माती फार खणू नये. बी शक्यतो गावठी वाणाचे असावे. संकरित झेंडूच्या बियांपासून पुढच्या वर्षी तसेच फूल येईल, याची खात्री नसते.

१०/ तुमच्या भागात गौरीसाठी कोणती झाडे आणतात? स्थानिक नावांसह अवश्य लिहा.