संगणकाची द्वारे : वेगाच्या स्पर्धेचा इतिहास

डिचोली तालुक्यातील खनिज ट्रकने मांडवीच्या धक्क्यावर जाई आणि तेथून बार्जने मुरगाव बंदरात. जहाज कितीही मोठे असो, माल किती लवकर पोहोचणार हे धक्क्यावरील चढ-उतारावर ठरे, हे साखळीकरांस सांगावयास नको. संगणकाच्या इतिहासातही हेच घडले. योगायोग असा की, बंदर आणि संगणकाचे माहितीद्वार या दोहोंस इंग्रजीत ‘पोर्ट’ हाच शब्द आहे.

आयबीएमचा व्यक्तिगत संगणक १९८१ साली आला आणि अ‍ॅपलचा मॅकिंटॉश १९८४ साली. दोघांची द्वारे निराळी होती. आयबीएम पद्धतीच्या सिरियल पोर्टची कमाल मर्यादा सेकंदाला १,१५,२०० बिट होती. मॅकिंटॉशचा पोर्ट जाळ्यात जोडला असता २,३०,४०० बिट वाहून नेई. एका फ्लॉपीतील १.४४ मेगाबाइट मजकुरास हिशेबाने पहिल्यावर दोन मिनिटांहून अधिक, तर दुसऱ्यावर मिनिटाहून कमी वेळ लागे. परंतु हा हिशेब कागदावरचा. आयबीएमच्या आरंभीच्या पोर्टमध्ये आलेले एकच अक्षर थांबू शके. ते वेळेवर उचलले न गेल्यास पुढील अक्षर त्यास पुसून टाकी. म्हणून कमाल वेग क्वचितच पदरी पडे.

पुढे १९९६ साली यूएसबी अवतरले. बडोद्यात शिकलेले अजय भट्ट हे त्याच्या शिल्पकारांपैकी एक. वेग सेकंदाला १.२ कोटी बिट. अ‍ॅपलने १९९९ साली मॅकिंटॉशवर बसविलेल्या फायरवायरचा वेग मात्र ४० कोटी होता. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीने २००० साली ४८ कोटींचा आकडा गाठला. तरीही मोठ्या फायली उतरविताना बहुधा फायरवायरच पुढे राही, कारण यूएसबीत प्रत्येक देवघेव संगणकाने विचारल्यावरच होई.

असे असूनही अखेर विजय यूएसबीचा झाला. ते स्वस्त होते, त्यावर स्वामित्वशुल्क नव्हते आणि १९९८ च्या आयमॅकपासून प्रतिस्पर्धी अ‍ॅपलनेही ते स्वीकारले होते. मिळतील ती यंत्रे गोळा करून संगणकवर्ग चालविणाऱ्या शाळेस याचे मोल अधिक. एकाचा प्रिंटर दुसऱ्यास जोडता न येणे, ही तिची खरी अडचण होती. सेकंदाचे कोटी बिट ही नव्हे.

वेगाचा इतिहास लिहिताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावे लागतात : द्वारातून प्रत्यक्षात किती गेले, आणि ते किती जणांस उघडे होते?