पाव, संप आणि पोटातले जंतू

मी डॉक्टर नाही. संपांचे इतिहास वाचण्याची मला जुनी खोड आहे. त्याच वाटेने मी एका आजाराच्या हकिगतीपर्यंत आलो.

आजाराचे नाव सीलिअ‍ॅक. मूल खाते, पण अंगी लागत नाही. पोट फुगते, हातपाय काड्यांसारखे होतात, जुलाब थांबत नाहीत. १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल गी यांनी त्याचे वर्णन केले आणि बरे व्हायचेच तर आहारानेच, असेही सांगितले. पण त्यांनी भात वर्ज्य ठरवला आणि पातळ भाजलेला पाव मात्र चालेल म्हटले! नेमके उलटे. पुढे १९०८ साली न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हर्टर यांनी अशा मुलांचा मळ तपासला. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात असणारे बायफिडस जंतू वय वाढले तरी तिथे ठाण मांडून होते. हर्टरांनी दोष त्यांच्या माथी मारला.

आता संपाकडे येतो. सप्टेंबर १९४४ मध्ये, लंडनमधल्या परागंदा डच सरकारच्या हाकेवरून, हॉलंडच्या सुमारे तीस हजार रेल्वे कामगारांनी जर्मनांविरुद्ध काम बंद केले. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिमेकडे जाणारे धान्य अडवले. पाठोपाठ कालवे गोठले. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे मेली. तो संप योग्यच होता असे मी मानतो; पण हा आकडा सांगताना कोणाही संघटकाचा आवाज खाली यावा.

द हेगच्या बालरुग्णालयात विलेम डिके यांना गव्हाचा संशय युद्धाआधीपासूनच होता. पाव दुर्मीळ झाला आणि त्यांची सीलिअ‍ॅकची मुले, भोवती उपासमार असताना, सुधारू लागली. सुटकेनंतर पाव परतला, तशी ती पुन्हा खंगली. १९५० साली त्यांनी उत्रेख्त विद्यापीठाला प्रबंध दिला. कणकेला चिकटपणा देणारे ग्लुटेन हेच मूळ, हे पुढे सिद्ध झाले.

मग हर्टर चुकले का? त्यांनी आरोपी चुकीचा धरला, एवढे खरे. आज संशोधक पुन्हा आतड्यातले जंतू मोजत आहेत, आणि अनेक पाहण्यांत या रुग्णांत बायफिडस कमीच आढळले आहेत. शिवाय गहू सोडला की निरोगी माणसाचेही जंतू बदलतात. त्यामुळे आजाराने जंतूंचा तोल ढळतो की ढळलेल्या तोलाने आजाराला वाट मिळते, याचा निवाडा अजून व्हायचा आहे.