स्वयंपाकघराचा रंग

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी रंगाचे डबे उघडतात, आणि डब्यांबरोबर थोडे मतभेदही. दोन वर्षांमागे असाच मी स्वयंपाकघरासाठी रंग आणायला गेलो. गडद निळा हवा म्हटल्यावर दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळले. "स्वयंपाकघर ना साहेब? मग वहिनींना घेऊन या. बायकांना गुलाबी, नाहीतर पिस्ता लागतो. निळा तुमच्या बैठकीला घ्या." आमच्या घरी दोन वेळचा स्वयंपाक मी करतो, आणि वहिनींना गुलाबी रंगाचे वावडे आहे. पण हे सगळे त्याला समजावत बसलो असतो तर दिवाळी तिथेच साजरी झाली असती. मी निळा रंग घेतला आणि घरी आलो.

पण एक गोष्ट मनातून जाईना. हा नियम केला कुणी? दुकानदार तर तो इतक्या खात्रीने सांगत होता, जणू मनुस्मृतीतच लिहिलेला असावा!

धुंडाळू लागलो तेव्हा पहिली गंमत कळली ती ही, की नियम मुळीच जुना नाही. १९१८ साली अमेरिकेत बाळांच्या कपड्यांच्या धंद्यासाठी निघणाऱ्या 'अर्नशॉज इन्फंट्स डिपार्टमेंट' या पत्राने दुकानदारांना सल्ला दिला होता : गुलाबी हा ठाम आणि जोरकस रंग, तेव्हा तो मुलग्यांना, निळा नाजूक आणि सोज्वळ, म्हणून मुलींना. १९२७ साली बेल्जियमच्या राजघराण्यात अ‍ॅस्ट्रिड राजकन्येला मुलगी झाली. पाळणा आधीच मोठ्या आशेने गुलाबी सजवून ठेवलेला होता, कारण गुलाबी हा मुलग्याचा रंग! 'टाइम' साप्ताहिकाने ही बातमी छापली, आणि अमेरिकेतली मोठी दुकाने कुणासाठी कोणता रंग सुचवतात याचा तक्ताही छापला. त्यात दुकानादुकानांत एकमत नव्हतेच. म्हणजे आपल्या पणज्यांच्या काळापर्यंत तिकडे या बाबतीत सारा सावळागोंधळ होता.

आपल्याकडे तर विचारूच नका. लग्नात गुलाबी फेटा बांधून मिरवणारी मंडळी पुरुषच. नवरीच्या हातात हिरवा चुडा. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७६ सालच्या भेटीसाठी जयपूर शहर गुलाबी रंगवले, तेव्हा तिथल्या सरदारांना आपले पौरुष उणावल्यासारखे वाटले, असे कुठे वाचनात आलेले नाही. आणि स्वयंपाकघराचा रंग? तो चुलीचा धूर ठरवीत असे. वर काजळी, खाली शेणाचे सारवण. पुढे शहरात उभ्याचा ओटा आला तेव्हा त्यावर काळा कडप्पा बसला तो टिकतो म्हणून. खाली शहाबादी फरशी आली तीही तेवढ्याचसाठी. घरातल्या बाईला विचारून यातले काही झाले नाही. पण 'हा बायकांचा रंग' असेही कुणी म्हटले नाही.

पाश्चात्त्य स्वयंपाकघर विसाव्या शतकाच्या आरंभी पांढरे झाले. रोगजंतूंचा शोध लागला होता, मळ दिसला पाहिजे, तर भिंत पांढरी हवी. पुढे विसाच्या दशकात कारखानदारांना रंगाची किल्ली सापडली. पांढरे भांडे फुटेपर्यंत चालते. पण यंदा हिरव्याची टूम निघाली, की गतसालचे निळे भांडे धडधाकट असूनही डोळ्यांना जुने दिसू लागते. धंद्याच्या दृष्टीने याहून सोयीची गोष्ट कोणती?

या हिकमतीचा कळस अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. १९५३ च्या जानेवारीत आयसेनहॉवर अध्यक्ष झाले. त्या रात्रीच्या समारंभाला त्यांच्या पत्नी मेमी गुलाबी झगा घालून आल्या. झग्यावर दोन हजारांहून अधिक चमचमते खडे होते. मेमीबाईंना गुलाबी रंग मनापासून आवडे. ती त्यांची आवड होती, आणि त्याबद्दल कुणाचे काही म्हणणे असण्याचे कारण नाही. पण बाजाराने एका बाईची आवड उचलली आणि ती सगळ्या बायकांच्या माथी मारली. गुलाबी न्हाणीघरे, गुलाबी शीतकपाटे, गुलाबी चुली यांची लाट आली. १९५५ साली डॉज कंपनीने 'ला फाम', म्हणजे 'स्त्री', या नावाची मोटार काढली. गुलाबी आणि पांढरी मोटार, आत गुलाबी पर्स, लिपस्टिकची डबी, जोडीला रेनकोट आणि छत्री. इंजिनात मात्र बायकांसाठी वेगळे काही नव्हते. बायकांनी ती घेतली नाही आणि दोन वर्षांत कंपनीने ती गुंडाळली. त्याच साली एल्विस प्रेस्ली स्वतः गुलाबी कॅडिलॅक मिरवीत होता! त्याने ती आईला देऊन टाकली, आणि आईला मोटार चालवता येत नव्हती, ही गोष्ट वेगळी. सांगायचे एवढेच, की पुरुषाच्या गुलाबी मोटारीला ऐट म्हणत आणि बाईच्या गुलाबी चुलीला स्वभाव.

१९५९ च्या २४ जुलैला तर स्वयंपाकघर थेट जागतिक राजकारणात शिरले. मॉस्कोच्या सोकोल्निकी बागेत अमेरिकेचे प्रदर्शन भरले होते. त्यात लिंबासारख्या पिवळ्या रंगाचे नमुन्याचे स्वयंपाकघर होते. त्याच्या कठड्याशी उभे राहून निक्सन आणि ख्रुश्चेव्ह भांडले. गृहिणीचे कष्ट कमी करायला आम्ही ही यंत्रे केली, हा निक्सन यांचा मुद्दा. बायकांकडे पाहण्याची ही भांडवलशाही दृष्टी आमच्याकडे नाही, हा ख्रुश्चेव्ह यांचा टोला. जगातले दोन बलाढ्य पुरुष स्वयंपाकघरावर हातघाईला आलेले, आणि त्या दोघांपैकी रोज भांडी कोण घासत होता?

पण या सगळ्याच्या तीस-बत्तीस वर्षे आधी एका निळ्या स्वयंपाकघराची गोष्ट घडून गेली होती. मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात घरांची विलक्षण टंचाई झाली. नगररचनेची सूत्रे एर्न्स्ट माय या वास्तुतज्ज्ञाकडे होती. त्यांनी १९२६ साली व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोट्स्की या एकोणतीस वर्षांच्या बाईंना बोलावून घेतले. ऑस्ट्रियात वास्तुशास्त्र शिकलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. बाईला घर बांधायला कोण देणार, असे ऐकतच त्या शिकलेल्या. कामगारांच्या नव्या वसाहतींसाठी त्यांनी स्वयंपाकघर आखले ते १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या उपाहारडब्यातली चिंचोळी मुदपाकखाना डोळ्यांसमोर ठेवून, घड्याळ लावून, पावले मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. खिडकीखाली बसून भाजी चिरायचे फळकूट, त्याला जोडलेला केरकचऱ्याचा खण, फिरते स्टूल, छतावरून सरकणारा दिवा, भिंतीला मिटणारी इस्त्रीची फळी. पीठ, तांदूळ, साखर यांना ॲल्युमिनियमचे नावे घातलेले खण. मूठ धरून ओढले की चोचीतून जिन्नस थेट भांड्यात. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. आज आपण ज्याला मॉड्यूलर म्हणतो त्याची ही आजी.

आणि रंग? अनेक ठिकाणी निळसर हिरवा. कारण असे दिले गेले, की निळ्या पृष्ठभागावर माश्या बसत नाहीत, असे संशोधकांचे मत आहे. माश्यांनी हे मत कितपत पाळले ते असो; पण कारण पाहा! बायकांना काय शोभते, हा प्रश्नच नाही. काम काय, जागा केवढी, माशी बसते की नाही, हे प्रश्न.

एवढे असूनही वृत्तपत्रांनी आणि नगरपालिकेने त्याची वाहवा केली ती निराळ्याच सुरात : बाईने बायकांसाठी केलेले स्वयंपाकघर! चुलीजवळचे मर्म बाईलाच कळणार! या कौतुकाबद्दल लिहोट्स्कीबाईंनी पुढे स्वच्छ सांगून टाकले, की प्रचाराला ते सोयीचे होते, पण खरी गोष्ट अशी, की तोवर मी कधी घर चालवले नव्हते आणि स्वयंपाकही केला नव्हता. त्यांनी ते केले होते वास्तुतज्ज्ञ म्हणून.

त्या स्वयंपाकघरात दोष नव्हते असे नाही. खालच्या खणांशी पोरांचे हात सहज पोचत. दुसरे माणूस मदतीला आले तर उभे राहायला जागा नाही, त्यामुळे बाई आत एकटी कोंडली गेली, अशी टीका पुढे सत्तरच्या दशकात स्त्रियांनीच केली, आणि ती मला रास्त वाटते. शिवाय भाडेकरूंना आवडनिवड नव्हतीच. आधीची मोठी जेवणाची मेजे आत मावेनात. कसे वापरावे हे शिकवायला व्याख्याने द्यावी लागली, चित्रपट दाखवावा लागला. लोक हळूहळू आपल्याला हवे ते करू लागले. पुढे पुष्कळांनी ती स्वयंपाकघरे उखडून टाकली, काहींनी हवे ते रंग फासले. जी उरली त्यांतली काही आज न्यूयॉर्कच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत.

लिहोट्स्कीबाईंचे आयुष्य मात्र स्वयंपाकघराहून फार मोठे होते. त्यांनी रशियात बालकांसाठी इमारती आखल्या, इस्तंबूलला शिकवले, आणि हिटलरविरुद्ध काम करण्यासाठी मुद्दाम व्हिएन्नाला परतल्या. १९४१ च्या जानेवारीत गेस्टापोने त्यांना पकडले. पंधरा वर्षांची शिक्षा झाली. १९४५ साली अमेरिकन सैन्य आले तेव्हा त्या सुटल्या. कम्युनिस्ट म्हणून मायदेशी नंतरही कामे फारशी मिळाली नाहीत. आणि भेटायला येणारा प्रत्येकजण विचारी ते स्वयंपाकघराबद्दल! याखेरीज कुणी काही बोलणारच नाही हे ठाऊक असते तर ते मेले स्वयंपाकघर केलेच नसते, असे त्या वैतागून म्हणत.

१९९७ साली त्यांना शंभर वर्षे झाली. समारंभात व्हिएन्नाचे महापौर त्यांच्यासमोर आले, आणि त्या वॉल्ट्झ नाचल्या.